रेस अडकते तेव्हा : जुनी गाडी, क्रूझ कंट्रोल आणि काही हट्टी समजुती

दहा-बारा वर्षं चाललेली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आलेली घरची गाडी एखाद्या दिवशी अचानक जोरात पुढे जाते. मग गॅरेजमध्ये आणि घरात दोनच निकाल ऐकू येतात: ‘क्रूझ कंट्रोलनं घोळ केला’ किंवा ‘चालवणाऱ्याचाच पाय चुकला’. हे दोन्ही निकाल गाडीचं बॉनेट उघडण्याआधीच लागतात. अशा घाईत खरं कारण गाडीतच राहतं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर येते.

‘क्रूझ कंट्रोल आपोआप लागतं आणि गाडी पळते’

क्रूझ कंट्रोलची कल्पना राल्फ टीटर या अमेरिकी अभियंत्याची. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती. त्यांना १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायसलरच्या इम्पीरियल गाडीत ही सोय आली. जुन्या गाड्यांमधली रचना पुष्कळदा अशी असते: इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा एक रबरी पडदा एक वायर ओढतो आणि ती वायर थ्रॉटल उघडते. यंत्रणा लागण्यासाठी मुख्य बटण चालू हवं, वेग साधारण ताशी ४० किलोमीटरच्या वर हवा आणि ‘सेट’ दाबलेलं हवं. ब्रेकला पाय लागला की पेडलजवळचा स्विच वीज तोडतो. बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक पेडलवर एक वेगळी झडपही असते. ती पडद्यात हवा सोडते आणि वायर सैल पडते, त्यासाठी विजेची गरजच लागत नाही.

एकाच वेळी हे सगळं फसेल आणि नंतर काही खूणही उरणार नाही, असं क्वचितच घडतं. जुन्या क्रूझ कंट्रोलची नेहमीची तक्रार उलटी असते: ते लागतच नाही. कित्येक गाड्यांमध्ये ब्रेक लाइटचा फ्यूज उडालेला असला किंवा मागचे बल्ब गेले असले, तरी यंत्रणा सुरू व्हायला नकार देते. त्यामुळे क्रूझ अचानक बंद पडलं तर आधी मागे जाऊन ब्रेक लाइट बघावेत.

काही तक्रारींचं मूळ मात्र खरोखर क्रूझमध्येच असतं. शंभरवर सेट केलेली गाडी वाहतुकीत पन्नासवर आली आणि ‘रिझ्यूम’ दाबलं, तर ऑटोमॅटिक गिअर खाली उतरवून ती जोरात उसळते. तिला तसंच सांगितलेलं असतं, पण शेजारी बसलेल्याला ते ‘आपोआप’ वाटतं. व्हॅक्यूमचा पाइप चिरला असेल किंवा वायर सैल झाली असेल, तर वेग सारखा वर-खाली होत राहतो. आणि साध्या क्रूझला ब्रेक मारता येत नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ते रेस पूर्ण सोडतं, पण उतारावर गाडीचा वेग वाढतच जातो. घाटात आणि भर पावसात ते बंदच ठेवावं. ओल्या रस्त्यावर पकड सुटल्याचं पायाला आधी कळतं, आणि क्रूझ लागलेलं असताना पाय पेडलवर नसतो.

‘बटण बंद आहे, म्हणजे क्रूझचा संबंध नाही’

या समजुतीला फोर्ड एस्केपनं चोख उत्तर दिलं आहे. २००१ ते २००४ मधल्या, तीन लिटर व्ही-६ इंजिन आणि क्रूझ कंट्रोल असलेल्या एस्केप गाड्या २०१२ मध्ये परत बोलावल्या गेल्या. जगभरात त्या पावणेपाच लाखांहून जास्त होत्या. इंजिनवरचं झाकण आणि क्रूझच्या वायरचा जोड यांच्यात पुरेशी जागा नव्हती. ओव्हरटेक करताना किंवा चढावर कुणी पेडल तळापर्यंत दाबलं, की जोड झाकणाला अडकून थ्रॉटल उघडंच राहू शकत होतं. क्रूझ चालू असण्याची गरजच नव्हती, त्याची वायर तिथं असणं पुरेसं होतं. दुरुस्तीचे भाग येईपर्यंत ती वायर काढून ठेवण्याचा तात्पुरता उपाय केला गेला. ‘मी तर क्रूझ कधी वापरतच नाही’ असं सांगणाऱ्या मालकाच्या गाडीतही दोष तिथंच असू शकला असता.

फोर्डच्याच इतर गाड्यांमध्ये क्रूझ बंद करणाऱ्या स्विचचं वेगळंच संकट निघालं. या स्विचला गाडी बंद असतानाही वीज मिळत असे आणि ब्रेक ऑइल आत झिरपलं, तर उभ्या गाडीला आग लागू शकत होती. त्यासाठी १९९९ पासून दहा वर्षांत एक कोटीहून अधिक गाड्या परत बोलावाव्या लागल्या. क्रूझमधला हा धोका वेगाइतका चर्चेत कधीच आला नाही.

‘पाय चुकला म्हणजे माणूस खोटं बोलतो’

ऑडी ५००० चं प्रकरण इथं आठवावं लागतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवरील ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमानं ही गाडी आपोआप पळते असं दाखवलं आणि तिची विक्री कोसळली. पडद्यावर स्वतःहून निघालेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये बाहेरून दाबाची हवा सोडलेली होती, हे नंतर उघड झालं. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनानं, म्हणजे एनएचटीएसएनं, १९८९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. जागेवरून सुसाट निघालेल्या बहुतेक गाड्यांमध्ये ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला गेला होता, असा त्याचा निष्कर्ष होता.

बातम्यांत एवढंच राहिलं, म्हणून अहवालाचा पुढचा भाग सांगायला हवा. ऑडीची आयडल स्थिर ठेवणारी यंत्रणा काही गाड्यांत सदोष होती. तिच्यामुळे गाडी क्षणभर पुढे हिसका मारू शकत होती. तो हिसका काही सेकंद टिकणारा नव्हता, पण माणूस दचकायला तेवढा पुरेसा. दचकलेला पाय ब्रेक समजून चुकीच्या पेडलवर पडतो आणि गाडी जितकी पळेल तितका तो अधिक जोर लावतो. ‘मी ब्रेकच दाबत होतो’ हे तो मनापासून सांगत असतो. यंत्राचा छोटा दोष आणि माणसाची मोठी चूक अशी एकाच धाग्यात येतात. म्हणून आई-वडिलांच्या हातून अशी गाडी भिंतीला लागली, तर त्यांना ‘वय झालं’ म्हणून गप्प करणं मला अन्यायाचं वाटतं. आधी गाडी तपासा. पी मधून गिअर काढण्यासाठी ब्रेक दाबावाच लागेल अशी सक्तीची रचना याच प्रकरणानंतर रूढ झाली, आणि ती माणसाला दोष देऊन आलेली नाही.

जुन्या पेट्रोल गाडीतला असाच एक हिसका आपल्याकडे नेहमी दिसतो. थ्रॉटलच्या पाकळीभोवती काजळी आणि चिकटा साचतो आणि ती बंद अवस्थेत घट्ट बसते. हलका पाय दिला तर काहीच होत नाही, म्हणून चालक थोडा जास्त दाबतो. पाकळी एकदम सुटते आणि पार्किंगमध्ये गाडी झेपावते. थ्रॉटल बॉडी साफ केली की हा आजार जातो.

‘नासानं तपासलं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक दोष असूच शकत नाही’

टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींनंतर नासाच्या अभियंत्यांनी सॉफ्टवेअर आणि सर्किट तपासले. थ्रॉटल पूर्ण उघडून धोकादायक वेग देईल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही, असं फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर झालं. पायाखालच्या मॅट आणि चिकटणारी पेडलं ही कारणं मात्र ठाम होती. पण त्याच तपासात काही पेडल सेन्सरमध्ये कथलाचे केसाएवढे बारीक तंतू उगवलेले दिसले. पुढे २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीनं २००५ च्या कॅमरीच्या एका अपघातात कंपनीला जबाबदार धरलं, तेव्हा सॉफ्टवेअरच्या दर्जावरच वाद झाला होता. शोधून न सापडणं आणि नसणं यांत फरक आहे. तरीही जुन्या गाडीत मी शोध मॅटपासूनच सुरू करेन, कारण बहुतेकदा तो तिथंच संपतो.

‘रेस अडकली की ब्रेक काही करू शकत नाही’

सगळ्यात घातक समजूत हीच. अमेरिकेच्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकानं २००९ मध्ये व्ही-६ कॅमरी ताशी सुमारे ११२ किलोमीटर वेगात, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून थांबवली. एरवी ती १७४ फुटांत थांबे, या वेळी १९० फूट लागले. फरक सोळा फुटांचा. चांगल्या स्थितीतले ब्रेक इंजिनपेक्षा ताकदवान असतात, पण एका अटीवर. थ्रॉटल उघडं असताना पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यामुळे ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूमच काय तो उपयोगी पडतो. ब्रेक मारायचा, सोडायचा, पुन्हा मारायचा असं केलं की तो साठा संपतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणून ब्रेक एकदाच, पूर्ण जोरानं दाबून धरायचा आणि त्याच वेळी न्यूट्रल टाकायचा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्यावं.

चालत्या गाडीत किल्ली पूर्ण फिरवून काढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बंद करायचीच असेल तर एक टप्पा मागे फिरवावी, म्हणजे स्टिअरिंग जड होईल पण वळेल. बटणाच्या गाड्यांमध्ये बहुधा बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. हे मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवावं.

टर्बो डिझेलचा अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. टर्बोचं सील गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पेटवत राहतं आणि किल्लीनं बंद होत नाही. गाडी उभी असेल आणि गिअर हाताचे असतील, तर सर्वांत वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट धरून, क्लच सोडून इंजिन बंद पाडावं. ते जमलं नाही तर सगळ्यांनी गाडीतून उतरून दूर व्हावं.

जुनी गाडी घेताना इंजिन बंद ठेवून पेडल तळापर्यंत दाबा आणि सोडा. ते ताडकन वर आलं पाहिजे. वायरचे पीळ उसवलेत का, रिटर्न स्प्रिंग ढिली आहे का, इंजिनचे माउंटिंग तुटलेत का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. तुटलेल्या माउंटिंगमुळे इंजिन उचललं जाऊन थ्रॉटल ओढलं जाऊ शकतं, म्हणून १९७१ मध्ये जनरल मोटर्सनं सुमारे ६७ लाख शेवरले गाड्या परत बोलावल्या होत्या. पावसाळ्यात कापडी मॅटवर रबरी मॅट टाकायची सवय मोडावी: एकच मॅट, तीही हुकात अडकवलेली. आणि चासी नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरवर रिकॉल बाकी आहे का ते विचारा. अमेरिकेत राहणाऱ्यांना हे एनएचटीएसएच्या वेबसाइटवर फुकट कळतं. रिकॉलचं पत्र नोंदीतल्या पत्त्यावर जातं, आणि गाडी हात बदलत आलेली असेल तर तो पत्ता पुष्कळदा आधीच्या मालकाचाच असतो.