बोक्याचं पथ्य

नसबंदी झालेला, घरातच वाढलेला, चांगला गुबगुबीत बोका सकाळपासून मोरीत उकिडवा बसतोय. जोर करतो, उठतो, दोन पावलं चालतो, पुन्हा बसतो. मध्येच मागचा पाय वर करून शेपटीखाली चाटत राहतो. फरशीवर पडलाच तर एखादा थेंब, तोही लालसर. घरच्यांना वाटतं, पोट साफ होत नाही. मग चमचाभर एरंडेल त्याच्या तोंडात जातं आणि दिवस मावळतो.

खरं तर त्याची लघवी तुंबलेली असते. बद्धकोष्ठातही मांजर असंच बसतं, म्हणून फसगत होते. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी अतिशय अरुंद असते. बारीक खडा किंवा वाळूसारखे स्फटिक आणि चिकट स्राव यांची गुठळी तिथं अडकली की मूत्राशय फुगून टणक होतं, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो आणि रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. भाटीची नलिका आखूड आणि रुंद, त्यामुळे आजार तिलाही होतो, पण ती तुंबते क्वचितच.

या घडीला पथ्याचा काही उपयोग नाही. लागते ती भूल, मूत्रमार्गात घालायची बारीक नळी आणि सलाइन. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या निपाणी आणि आसपासच्या गावांत पशुवैद्यकाचं बहुतेक काम गाई-म्हशींचं. मांजराच्या मापाची नळी प्रत्येक दवाखान्यात असेलच असं नाही. म्हणून आधी फोन करून तेवढंच विचारावं आणि नसेल तर वेळ न घालवता महामार्गानं कोल्हापूर किंवा बेळगाव गाठावं. रात्र झाली म्हणून सकाळची वाट बघणं जिवावर बेतू शकतं. तोवर वेदना कमी व्हाव्यात म्हणून घरातली तापाची गोळी मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं आहे, अर्धी गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

बोका वाचला, नळी निघाली, की मग खाण्याचा प्रश्न येतो. आणि तिथं पहिला अडथळा असा की ‘लघवीचा त्रास’ हा एकच आजार नाही. दहा वर्षांच्या आतल्या मांजरांत निम्म्याहून अधिक वेळा खडाही सापडत नाही आणि जंतूही नाहीत. मूत्राशयाला नुसती सूज असते आणि तिचा मोठा संबंध ताणाशी असतो. घरात आलेले पाहुणे, नवीन मांजर, दिवाळीचे फटाके, गणपती विसर्जनाचा डॉल्बी अशा कशानंही ती उसळते. हा त्रास बऱ्याचदा आठवडाभरात आपोआप ओसरतो. कुळथाचं पाणी पाजलं आणि मांजर बरं झालं, असं शपथेवर सांगणारी माणसं भेटतात, त्यांच्या अनुभवामागं बहुधा हेच असतं. पुढच्या वेळी खरोखरच नलिका तुंबलेली असली तर त्याच कुळथापायी मोलाचे तास निघून जातात.

उरलेल्यांपैकी काहींना खडे असतात आणि त्यांचे मुख्य प्रकार दोन. स्ट्रुव्हाइट म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा खडा. तो आम्लधर्मी, पातळ लघवीत विरघळतो. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा. तो कुठल्याही आहारानं विरघळत नाही, सहसा शस्त्रक्रियेनं काढावा लागतो. पर्शियन मांजरांत याचं प्रमाण जास्त आढळतं.

स्ट्रुव्हाइटवर मात्र आहाराची करामत थक्क करणारी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन औषधी आहारांची तुलना प्रसिद्ध केली. एका आहारावर मांजरांचे खडे सरासरी १३ दिवसांत विरघळले, दुसऱ्यावर २७ दिवसांत. पोटाला चीर न देता! या खाण्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मोजून कमी ठेवलेलं असतं, लघवी आम्लाकडे झुकेल अशी रचना असते आणि काहींत तहान लागावी म्हणून मीठ वाढवलेलं असतं. प्राण्यांसाठी असं पथ्य बनवण्याची सुरुवात १९३९ च्या सुमाराची. मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थाला वाट दाखवणारं बडी हे श्वान मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी पडलं, तेव्हा डॉ. मार्क मॉरिस यांनी त्याच्यासाठी वेगळं खाणं तयार केलं. १९४८ मध्ये ते टोपेका शहरातल्या हिल पॅकिंग कंपनीच्या डब्यांतून विकलं जाऊ लागलं. आज हिल्स, रॉयल कॅनिन, फार्मिना अशा कंपन्यांचे ‘युरिनरी’ आहार भारतातही मिळतात.

मिळतात, म्हणून आपल्या मनानं आणून घालावेत असं मात्र नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्रात १९८१ साली तपासलेल्या मांजरांच्या खड्यांत स्ट्रुव्हाइट ७८ टक्के होते, ऑक्झलेट अवघे २ टक्के. पुढच्या वीसेक वर्षांत चित्र पालटलं. ऑक्झलेट ५५ टक्क्यांवर गेले, स्ट्रुव्हाइट ३३ वर आले. मधल्या काळात कमी मॅग्नेशियमचं, आम्लाकडे झुकणारं खाणं सगळीकडे पसरलं होतं आणि या बदलाचं ते एक कारण मानलं जातं. नव्या आहारांत दोन्ही खड्यांचा विचार केलेला असतो. तरी पिल्लू, गाभण भाटी, मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असलेलं मांजर यांना हे खाणं अपाय करू शकतं. एक्स-रे, शक्य तर सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी झाल्याशिवाय पाकीट फोडू नये.

लघवीचा नमुनाही ताजाच हवा. निपाणीत सकाळी घेतलेली बाटली थंड पिशवीतून दुपारी कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत पोचली, तर सूक्ष्मदर्शकाखाली शवपेटीच्या झाकणासारखे दिसणारे स्ट्रुव्हाइटचे स्फटिक हमखास आजाराचेच असतील असं नाही. लघवी थंड होताना, पडून राहताना ते बाटलीतही तयार होतात. शिवाय असे थोडे स्फटिक निरोगी मांजरांतही सापडतात. तासाभराच्या आत तपासणी झाली तरच निष्कर्षाला अर्थ.

सीमाभागातल्या घरांत मांजराचं खाणं म्हणजे दूध-भात, दुधात कुस्करलेली भाकरी किंवा चपाती आणि मांसाहारी घर असेल तर सुकटीची मूठ. धान्यावर भर असला की मांजराची लघवी अल्कधर्मी होते आणि तशी लघवी स्ट्रुव्हाइटला मानवते. सुकटीत खनिजं आणि मीठ भरपूर. शाकाहारी घरांना हे ऐकणं जड जाईल, पण मांजर मांसावरच जगणारा प्राणी आहे. टॉरिनसारखा घटक त्याला मांसातूनच मिळतो आणि तो कमी पडला तर हृदय दुबळं होतं. नुसतं उकडलेलं चिकनही पुरं पडत नाही, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच.

पथ्य सुरू झालं की बाकी सगळं बंद. इथंच घरोघर गाडी अडते. आजी प्रेमानं वाटीभर दूध ठेवते, शेजारी बोंबलाचं डोकं टाकतात, आणि महागडं पाकीट आणूनही खडा जागच्या जागी राहतो. घरात दोन मांजरं असतील तर ताटल्या वेगळ्या खोल्यांत ठेवाव्या लागतात. नवं खाणं जुन्यात मिसळत आठवडाभरात बदलावं. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट इथं धोक्याचा आहे, कारण लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी त्याचं यकृत बिघडू शकतं.

पाणी तर पथ्याइतकंच मोलाचं. मांजर मूळचं कोरड्या प्रदेशातलं, कमी पाण्यात घट्ट लघवी करून तगणारं. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, ओल्या पाऊचमध्ये पंचाहत्तरच्या पुढं. म्हणून परवडत असेल तर ओला आहार, नाहीतर दाणे कोमट पाण्यात भिजवून. पसरट वाट्या दोन-तीन ठिकाणी, शौचाच्या टोपल्यापासून लांब. पावसाळ्यात बेळगावात दिवसचे दिवस झड लागते तेव्हा बाहेर जाणारं मांजर लघवी धरून बसतं. अशा दिवसांत घरात वाळूचं घमेलं ठेवावं.

पथ्य चालू असताना दर दोन ते चार आठवड्यांनी एक्स-रे घ्यावा लागतो. खडा दिसेनासा झाला तरी आहार आणखी काही आठवडे चालू ठेवतात, कारण फार बारीक कण एक्स-रेत दिसत नाहीत. आणि पथ्य काटेकोर पाळूनही महिनाभरात खडा तसूभर कमी झाला नाही, तर तो ऑक्झलेटचा असावा असं समजून डॉक्टर शस्त्रक्रियेचं बोलतात. काढलेला खडा तेव्हा फेकून देऊ नये. तो कशाचा आहे हे तपासून घेतलं, तर पुढचं खाणं त्यावरून ठरवता येतं.