राज्य बदलले तरी उधारीची मुदत थांबत नाही

कापडाच्या धंद्यात उधारी कोणालाच चुकत नाही. माल द्यायचा, साठ-नव्वद दिवस वाट पाहायची आणि मग तगाद्याला माणूस पाठवायचा, ही आपली जुनी रीत आहे. मात्र ज्याच्याकडे तगाद्याला जायचे तो माणूसच आता गावात सापडेल याची खात्री राहिलेली नाही. भिवंडीचा मागवाला माग विकून सुरतेला जातो, मालेगावचा बऱ्हाणपूरला जातो, सोलापूरचा हैदराबादेत दुकान टाकतो. येणे असलेला व्यापारी इकडे वही उघडून बसतो आणि मनाशी म्हणतो, "पार्टी राज्याबाहेर गेली, म्हणजे मुदत धरायची नाही. परत येईल तेव्हा पाहू."

हा समज साफ चुकीचा आहे. मला तो महागात पडला, म्हणून हा लेख.

माझ्याकडून एक गिऱ्हाईक ग्रे कापड नेत असे. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याने शेवटचा माल उचलला, दोन महिन्यांच्या उधारीवर. बाकी राहिली १ लाख ८६ हजार. पुढे त्याने बिऱ्हाड गुजरातेत हलवले. फोन केला की म्हणायचा, "चाचा, तुमचे पैसे कुठे जात नाहीत." मार्च २०१४ मध्ये त्याने ट्रकवाल्याच्या हाती दहा हजार रोख पाठवले. मी ते वहीत जमा केले, माझ्या सहीची पावती धाडली आणि निर्धास्त झालो. फेब्रुवारी २०१६ मध्ये वकिलाकडे गेलो तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले. उधारीची तारीख कोणती? आणि त्यानंतरचा त्याच्या सहीचा एखादा कागद आहे का? उधारी डिसेंबर २०१२ मध्ये संपली होती, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये तीन वर्षे भरली होती. मला दोन महिने उशीर झाला होता. कागद तर नव्हताच.

राज्याची हद्द आणि देशाची हद्द

मुदतीचा कायदा, ज्याला वकील मंडळी लिमिटेशन ॲक्ट म्हणतात, तो १९६३ चा आहे आणि १ जानेवारी १९६४ पासून लागू आहे. सुरुवातीला जम्मू-काश्मीर त्यातून वगळलेले होते. २०१९ पासून तेथेही हाच कायदा चालतो. म्हणजे मुंबई, सुरत, हैदराबाद, इरोड, सगळीकडे मुदत एकच.

आपल्या मराठवाड्यातील बुजुर्ग "त्या मुलखाचा कायदा वेगळा" असे म्हणत, त्यालाही कारण होते. निझामाच्या संस्थानाचा मुदतीचा स्वतःचा कायदा होता. १९५१ मध्ये तेथे हिंदुस्थानचा कायदा लागू झाला आणि तो फरक मिटला. फरक मिटला तरी समज मात्र बाजारात टिकून राहिला.

या कायद्याच्या ९ व्या कलमाचे म्हणणे असे की, मुदत एकदा धावू लागली की पुढे आलेल्या अडचणीमुळे ती थांबत नाही. १५ व्या कलमात एक सवलत आहे. कर्जदार भारताबाहेर असेल तर तो बाहेर राहिला तेवढे दिवस मुदतीतून वजा होतात. म्हणजे देणेकरी दुबई, कुवेत किंवा सौदीत नोकरीला गेला, तर तिकडचा काळ धरला जात नाही. रजेवर घरी आला तर ते दिवस धरले जातात. पण नवापूरची हद्द ओलांडून सुरतेला गेला, तर एक दिवसही वजा होत नाही.

तीन वर्षे केव्हापासून?

उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल पोचवल्याच्या तारखेपासून तीन वर्षे. ठरलेली असेल तर ती उधारी संपल्यापासून तीन वर्षे. उदाहरणार्थ, १० जून २०२३ ला माल दोन महिन्यांच्या उधारीवर दिला, तर दावा १० ऑगस्ट २०२६ पर्यंत लागला पाहिजे. रंगाई, शिलाई, जरीकाम अशी मजुरी असेल आणि पैसे देण्याचा दिवस ठरलेला नसेल, तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षे. हातउसने दिलेली रक्कम, अगदी "मागाल तेव्हा देईन" या बोलीवर दिलेली असली तरी, दिल्याच्या दिवसापासून तीन वर्षे. मागणी केव्हा केली याला तेथे महत्त्व नाही.

"आमचे खाते चालू आहे" असे म्हणून पुष्कळ जण गाफील राहतात. दोन्ही बाजूंचे एकमेकांकडे येणे होत असेल, म्हणजे मी त्याला सूत देतो आणि तो मला कापड देतो असा व्यवहार असेल, तर शेवटची नोंद ज्या वर्षातली आहे ते वर्ष संपल्यापासून मुदत मोजतात. पण मी फक्त माल द्यायचा आणि त्याने फक्त पैसे द्यायचे, असे खाते या सदरात बसत नाही. तेथे प्रत्येक बिलाची मुदत वेगळी.

कोरोनाच्या काळात सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. त्या सवलतीवर आता विसंबू नका. त्या काळात वसुलीला आलेल्या साध्या बिलांची मुदतही फेब्रुवारी २०२५ अखेर संपली.

मुदत जिवंत कशी ठेवावी

वकिलाची नोटीस पाठवली म्हणजे मुदत थांबली, असेही समजू नका. नोटिशीने मुदत थांबत नाही. फोनने नाही आणि तोंडी वायद्यानेही नाही. मुदत नव्याने सुरू होते ती दोन गोष्टींनी, आणि दोन्ही जुनी मुदत संपण्याआधी व्हायला हव्यात.

पहिली, कबुली. "अमुक तारखेअखेर आपली बाकी इतकी, मला मान्य" अशी ओळ आणि खाली देणेकऱ्याची सही व तारीख. त्या सहीच्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षे मिळतात.

दुसरी, अंशतः भरणा. पण येथेच माझी चूक झाली. भरण्याची नोंद पैसे देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या कागदावर हवी. आपण आपल्या वहीत जमा लिहिले, आपल्या सहीची पावती दिली, त्याने काम भागत नाही. त्या दहा हजारांबरोबर त्याच्या सहीची एक ओळीची चिठ्ठी असती, तर माझी मुदत मार्च २०१७ पर्यंत गेली असती. म्हणून पैसे चेकने घ्या, त्यावर देणाऱ्याची सही असतेच. रोख घ्याल तर पावतीच्या स्थळप्रतीवर त्याची सही घ्या.

दावा कोठे लावावा?

कर्जदार परराज्यात गेला म्हणून आपणच तिकडच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २० व्या कलमाप्रमाणे प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तेथे जसा दावा लागतो, तसाच व्यवहाराचा काही भाग जेथे घडला तेथेही लागतो. सौदा आपल्या पेढीवर झाला, माल तेथूनच ताब्यात दिला, पैसे तेथेच द्यायचे होते, तर आपल्या गावच्या कोर्टात दावा करता येतो. हुकूमनामा मिळाल्यावर तो वसुलीसाठी कर्जदाराच्या गावच्या कोर्टाकडे पाठवता येतो आणि त्या वसुलीला बारा वर्षांची मुदत आहे.

रक्कम तीन लाख किंवा त्याहून अधिक असेल तर व्यापारी दाव्याआधी, तातडीचा हुकूम मागायचा नसल्यास, मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. त्या मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत. तरी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. मुदत उलटली असेल तर समोरच्याने हरकत घेतली नाही तरी कोर्टाला दावा काढून टाकावा लागतो, आणि उशीर माफ करण्याची सवलत दाव्याला मिळत नाही.

कायद्याची मुदत आणि ईमान

आता देणेकरी बांधवांसाठी दोन शब्द. तीन वर्षे उलटली म्हणजे कर्ज फिटले असे कायदाही म्हणत नाही. तो फक्त कोर्टाचा दरवाजा बंद करतो. देणे देणेच राहते. मुदत गेल्यावरही "हे पैसे मी देईन" असे सहीनिशी लिहून दिले, तर १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमाने तो नवा करार होतो. आणि शरीअतीत तर वारसांची वाटणी होण्याआधी मयताचे कर्ज फेडायचे असते. तेथे तीन वर्षांचा हिशेब नाही, राज्याची हद्दही नाही.

येणेकऱ्यांनीही लक्षात घ्यावे. अडचणीतल्या माणसाला सवड द्या, असा कुरआनाचा हुकूम आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण त्याच सूरह बकरामध्ये, दोनच आयती पुढे, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. कुरआनातील सर्वांत मोठी आयत तीच. व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे त्यात बजावले आहे. म्हणजे सवड द्यायची तीही लिहून. आपण मात्र सवड तोंडी देतो आणि सही मागायला लाजतो. "आपलाच माणूस, त्याला काय वाटेल," असे म्हणून मीही लाजलो होतो.

तेव्हा आज दुकान बंद करण्यापूर्वी वही उघडा. जे गिऱ्हाईक गाव सोडून गेले त्यांची नावे वेगळी काढा आणि प्रत्येकासमोर शेवटच्या बिलाची व शेवटच्या सहीची तारीख लिहा. ज्याची तीन वर्षे भरत आली असतील, त्याच्याकडे पुढच्या खेपेला माणूस पाठवाल तेव्हा पैसे मागाच. पैसे नसतील तर निदान बाकीवर सही घेऊन या.