क्लच सुटला तरी गाडी सुटू नये

तुमच्या घरी सत्तरी ओलांडलेले बाबा अजून गाडी चालवत असतील, तर हा विषय जेवणाच्या टेबलावर एव्हाना येऊन गेला असेल. ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखतो. 'आता ऑटोमॅटिक घेऊ या' असं मुलं म्हणतात, 'माझ्या गाडीला काय झालंय?' असं बाबा म्हणतात, आणि आई गप्प बसते. इथे ब्रिटनमध्ये मंडळाचा गणपती, शनिवारची भाजी, जीपीची अपॉइंटमेंट, मित्राकडचा चहा, सगळं गाडीच्या अंतरावर. कुणाला 'सोडतोस का रे?' असं विचारावं न लागणं ही बाबांची खरी कमाई आहे. ती टिकवायची, तर नवी-जुनी कुठलीही गाडी घेण्याआधी थोडा विचार हवा.

बदल लवकर करा

पहिली गोष्ट वेळेची. बाबा ठणठणीत असताना ऑटोमॅटिककडे वळलेलं बरं. चाळीस वर्षं क्लच दाबलेला डावा पाय सवयीने खाली जातो आणि ऑटोमॅटिकमध्ये तिथे रुंद ब्रेक असतो. गाडी कचकन थांबते. उजव्या पायाने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, तर परिणाम आणखी वाईट. नवी सवय ६८ व्या वर्षी जितकी सहज लागते, तितकी ८० व्या वर्षी लागत नाही. मॅन्युअलचं लायसन्स असेल तर ऑटोमॅटिकसाठी वेगळी टेस्ट नाही. तरीही रविवारी सकाळी रिकाम्या कार पार्कमध्ये दोन-तीन वेळा सराव करा. डावा पाय मागे ओढून ठेवायचा, दोन्ही पेडल्स उजव्याच पायाने. ब्रेक सोडला की गाडी आपोआप हळूहळू पुढे सरकते, हेही अंगवळणी पडायला हवं.

आणि आईला विसरू नका. लायसन्स असूनही वर्षानुवर्षं शेजारच्या सीटवर बसलेल्या कितीतरी आया आपल्या ओळखीत आहेत. क्लच गेला की त्यांची अर्धी भीती जाते. ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टरबरोबर काही तास घ्या. मुलाने शिकवलं तर भांडणं होतात.

ऑटोमॅटिक, पण कोणती?

जाहिरातीत सगळ्यांनाच 'ऑटोमॅटिक' म्हणतात; आतली यंत्रं मात्र वेगळी. जुनी गाडी घेताना इथेच लोक फसतात.

टॉर्क कन्व्हर्टर ही जुनी, भरवशाची पद्धत. पेट्रोल थोडं जास्त खाते, पण चालते गुळगुळीत. २०१४ ते २०१९ च्या ह्युंदाई आय-टेनमध्ये असा चार गिअरचा बॉक्स मिळतो. त्यानंतरच्या, २०२० पासूनच्या आय-टेनमध्ये मात्र एएमटी आली. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओ आली आणि ही पद्धत घरोघरी पोचली, त्यामुळे पुण्याच्या काकांना ती माहीत असते. स्वस्त आहे, पण गिअर बदलताना हलकासा झटका बसतो. चढावर निघताना काही गाड्या मागे घसरतात. वयस्कर माणसाला पार्किंगमध्ये इंच-इंच पुढे जायचं असतं, तिथे ही पद्धत त्रासाची.

होंडा जॅझ आपल्याकडे लाडकी. उंच सीट, मोठी काच, आत भरपूर जागा. पण २००९ ते २०११ च्या सुमाराच्या ऑटोमॅटिक जॅझमध्ये 'आय-शिफ्ट' नावाचा एएमटी प्रकार होता. नंतर सीव्हीटी आली. म्हणून नुसतं 'जॅझ ऑटोमॅटिक' न म्हणता वर्ष बघा. सीव्हीटीमध्ये गिअरचे टप्पेच नसतात, त्यामुळे झटके नाहीत. पण तिचं तेल वेळच्या वेळी बदललंय का, हे सर्व्हिस बुकमध्ये शोधा.

ड्युअल क्लच वेगवान आणि चपळ. हायवेवर मजा येते. मात्र मुंगीच्या गतीने चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये क्लचवर ताण येतो आणि दुरुस्तीचं बिल मोठं असतं. जुनी गाडी, वयस्कर चालक आणि गावातल्या छोट्या फेऱ्या असतील तर मी ती टाळेन.

टोयोटाची हायब्रिड, म्हणजे २०१२ पासूनची यारिस हायब्रिड, या कामाला चपखल बसते. तिच्यात नेहमीचा क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. बिघडायला तेवढ्या वस्तू कमी. टोयोटाच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये दरवर्षी सर्व्हिसिंग केलं, तर गाडी १० वर्षांची किंवा १ लाख मैलांची होईपर्यंत वॉरंटी वाढत जाते. एक सावधगिरी: हायब्रिड गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोरीला जातात. गाडी रस्त्यावर उभी राहणार असेल तर त्यावर जाळी बसवून घ्या.

डिझेल नकोच. रोज दोन मैलांच्या फेरीत त्याचा धुराचा फिल्टर तापत नाही आणि तुंबतो. लंडनमध्ये तर सप्टेंबर २०१५ पूर्वीच्या बहुतेक डिझेल गाड्यांना यूलेझचे रोज साडेबारा पौंड पडतात.

कागद आधी, गाडी नंतर

गाडीचा नंबर टाकला की सरकारी वेबसाइटवर तिचा सगळा एमओटी इतिहास फुकट दिसतो. नुसतं पास-नापास बघू नका, 'अ‍ॅडव्हायजरी' वाचा. गंज आणि तेलगळती हे शब्द दरवर्षी येत असतील तर पुढे चला. मैलांचा आकडा एखाद्या वर्षी कमी झालेला दिसला, तर तिथेच थांबा. आकडा फारच कमी असला तरी हुरळून जाऊ नका. बारा वर्षांत बारा हजार मैल चाललेल्या गाडीचे टायर वयाने कडक झालेले असतात, ब्रेकच्या डिस्क गंजतात, बॅटरी कमकुवत होते.

व्ही-फाइव्ह-सी हा मालकीचा पुरावा नाही, आणि गाडीवरचं कर्ज त्यात दिसत नाही. त्यासाठी पैसे भरून वेगळी चौकशी करा. डीलरकडून घेतलेल्या गाडीत मुळातला दोष निघाला, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ३० दिवसांत ती परत करता येते. खासगी विक्रीत हे संरक्षण नाही. थोडे पैसे वाचतात, धोका तुमच्या पदरात.

चाचणीला जाताना 'आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका' असं आधीच सांगा. थंड इंजिन खोटं बोलत नाही. मग सावकाश चालवा. डी आणि रिव्हर्स टाकताना धक्का बसतो का? पंधरा-वीस मैलांच्या वेगात थरथर जाणवते का? चढावर उलटी घेऊन बघा.

बाबांना बसवून बघा

फोनवर गाडी पसंत करून वाढदिवसाची भेट म्हणून दारात उभी करू नका. बाबांना घेऊन जा. पाच वेळा आत-बाहेर करायला सांगा; पाचव्या वेळी दाराला धरून उठावं लागलं तर सीट फार खाली आहे. सीटबेल्टपर्यंत हात पोचतो का? मान वळवून मागचं दिसतं का? काचा धुकटल्या तर त्या साफ करायचं बटण चटकन सापडतं का, की स्क्रीनवर तीनदा बोट टेकवावं लागतं? पुढेमागे वॉकर लागला तर तो डिकीत उचलून ठेवता येईल का? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही रिव्ह्यूमध्ये नाहीत, ती बाबांच्या गुडघ्यांत आणि मानेत आहेत.

विम्यात जो गाडी जास्त चालवतो, तोच मुख्य चालक. नातवाचा हप्ता कमी व्हावा म्हणून आजोबांचं नाव पुढे करणं ही फसवणूक ठरते, आणि अपघाताच्या दिवशी विमा कंपनी हात वर करू शकते.

आणि एक बोलणं

वयाच्या ७० व्या वर्षी लायसन्सचं नूतनीकरण करावं लागतं आणि पुढे दर तीन वर्षांनी. त्याला फी नाही. फॉर्ममध्ये आजार आणि दृष्टी यांची माहिती आपण स्वतः द्यायची असते. २० मीटरवरची नंबर प्लेट वाचता आली पाहिजे. हे घराबाहेरच्या रस्त्यावर आजच करून बघता येईल. शंका असेल तर डोळे तपासा, आणि डीव्हीएलएला कळवण्यासारखा आजार असेल तर लपवू नका. ड्रायव्हिंग मोबिलिटीच्या केंद्रांवर वयस्कर चालकांचं मूल्यमापन करून मिळतं. परक्या माणसाने शांतपणे सांगितलेलं बाबा ऐकतात. आपण सांगितलं की तो अपमान होतो.

ज्येष्ठ वाचकहो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. गाडी कधी थांबवायची, हे ती घेतानाच तुम्ही स्वतः ठरवा आणि मुलांना सांगून ठेवा: आधी रात्रीचं बंद, मग मोटरवे, मग हळूहळू बाकीचं. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकली किंवा बंपरवर कुठून आला ते आठवत नाही असा ओरखडा दिसला, तर तो निरोप समजा. हे तुम्ही ठरवलंत तर मुलांना तुमच्या हातून किल्ली काढून घ्यावी लागणार नाही. तोवर गाडी तुमची, रस्ता तुमचा, आणि दिवाळीचा फराळ घरोघरी पोचवायचं कामही तुमचंच.