घडियाळी पोळ ते सिंगापूर : अंतर, वेळ आणि प्रकृती

मुलांकडे सिंगापूरला निघालेले घडियाळी पोळीतील ज्येष्ठ दांपत्य म्हणते, ‘साडेपाच तासांचाच तर प्रवास!’ हे विधान अर्धेच खरे आहे.

मुंबई ते सिंगापूर हे हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर असून विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. म्हणून मुंबईहून रात्री १० वाजता सुटलेले विमान तेथे सकाळी ६ च्या सुमारास उतरते. तिकिटावर आठ तास दिसतात. परतताना तेच अंतर अवघ्या तीन तासांचे भासते.

प्रकृतीचा हिशेब मात्र घरच्या उंबरठ्यापासून मांडावा. बडोद्याहून मुंबईपर्यंत रेल्वेचे सुमारे पाच तास, विमानतळावरील तीन तास आणि मधली ये-जा धरता एकूण काळ पंधरा तासांच्या आसपास जातो व त्यातील बहुतेक बसूनच सरतो. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात नमूद आहे. निरोगी व्यक्तीत तो सहा हजारांत एक, म्हणजे अल्पच असतो. परंतु पूर्वी गुठळी झालेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

इतरांनी पोटऱ्यांची वारंवार हालचाल करावी व पुरेसे पाणी प्यावे. मधुमेहींनी इन्शुलिनच्या वेळा भिंतीवरील घड्याळावरून न ठरवता प्रत्यक्ष सरलेल्या तासांवरून डॉक्टरांकडून आखून घ्याव्यात आणि औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत.