जुन्या इंजिनाची शेतगाडी : बांधण्यापूर्वी करावयाचा हिशेब

विहिरींवर विजेचे पंप बसत गेले, तसतशी पूर्वीची डिझेल इंजिने गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिली. त्यांपैकी पुष्कळ इंजिने थोड्या दुरुस्तीने पुन्हा चालू होण्याजोगी असतात. दुसरीकडे बैलजोडी वर्षभर पोसणे अनेक लहान शेतकऱ्यांस जड जाते. परंतु शेणखत शेतात नेणे, कडबा व माल घरी आणणे ही कामे कोणासाठी थांबत नाहीत. अशा वेळी पडून असलेले इंजिन एखाद्या गाडीस जोडावे, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे.

हा विचार चुकीचा नाही. मात्र त्यात एक फसगत आहे. इंजिन जोडून गाडी चालती करणे हे या कामाचे सोपे अंग होय; भरलेली गाडी उतारावर, हवी त्या जागी थांबविणे हे अवघड अंग होय. गावातील कुशल लोहार व फिटर पहिले अंग आठ दिवसांत साधतात. दुसऱ्या अंगाकडे दुर्लक्ष झाले, तर ती गाडी घरच्याच माणसांच्या जिवावर उठते. म्हणून लोखंड कापण्यापूर्वी कागदावर कोणता हिशेब करावा, याची माहिती येथे दिली आहे.

असे प्रयोग कोठे झाले

एका कामासाठी बनविलेले इंजिन दुसऱ्या कामास लावण्याची हौस सर्वत्र आढळते. इंग्लंडात बागेतील गवत कापण्याच्या, वर बसून चालविण्याच्या यंत्रांच्या गाड्या करून त्यांच्या शर्यती लावतात. तेथे १९७३ साली त्यासाठी संघटना स्थापन झाली. गवत कापण्याची पाती प्रथम काढून टाकावी, हा त्या शर्यतींचा मूलभूत नियम आहे. यंत्राचे काम बदलले, की जुन्या कामाचा धोकादायक भाग आधी दूर करावा, हे तत्त्व आपणही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पंजाब, हरियाणा, राजस्थान व पश्चिम उत्तर प्रदेश या भागांत पंपाचे इंजिन बसविलेल्या गाड्यांना ‘जुगाड’ म्हणतात. लाकडी साटा, जुन्या जीपचे सुटे भाग आणि पुढे उघडे इंजिन असे त्यांचे स्वरूप असते.

शेतीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद उदाहरण गुजरातमधील आहे. अमरेली जिल्ह्यातील मोटा देवळिया येथील श्री. मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलीचे मागील चाक काढून तेथे दोन चाकांचा आस बसविला आणि त्यामागे औजारे जोडण्याची दांडी लावली. ‘बुलेट सांती’ या नावाने हे यंत्र प्रसिद्ध झाले. सांती म्हणजे औत. कोळपणी, पेरणी यांसारखी कामे त्याने होऊ लागली, आणि या रचनेस भारतात व अमेरिकेतही पेटंट मिळाले. या यशाचे मर्म असे, की मोटारसायकल हे मुळातच रस्त्यावर धावणारे वाहन होते. त्यास चालकाची बैठक, सुकाणू, क्लच व गिअर हे सर्व होते. ते धावते वाहन शेतातील संथ कामास जुंपले गेले. पंपाच्या इंजिनाची गोष्ट याच्या उलट आहे. ते एका जागी बोल्टांनी घट्ट बसवून चालविण्यासाठी घडविलेले असते. त्यास क्लच नाही, गिअर नाही, ब्रेक तर नाहीच. ही सर्व सामग्री बाहेरून पुरवावी लागते.

शक्तीचा मार्ग

इंजिनापासून चाकापर्यंत शक्ती कशी जाते, हे प्रथम समजून घ्यावे. इंजिनाच्या पुलीवरून पट्टा गिअर बॉक्सकडे जातो. गिअर बॉक्समधून दांडा मागील आसाच्या डिफरन्शियलपर्यंत जातो आणि तेथून शक्ती दोन्ही चाकांस मिळते. गिअर बॉक्स व डिफरन्शियल जुन्या जीपमधून घेण्याची पद्धत आहे. जीपचा क्लचही सोबत घेतल्यास उत्तम. काही कारागीर क्लचऐवजी एक मोकळी पुली पट्ट्यावर दाबून वा सैल सोडून काम भागवितात; परंतु भिजलेला किंवा तेलकट पट्टा घसरतो, हे विसरू नये.

वेगाचा हिशेब

बहुसंख्य पंप-इंजिने मिनिटास १५०० फेरे घेतात. इंजिनावरील पुली १५ सेंटिमीटर व गिअर बॉक्सवरील पुली ३० सेंटिमीटर व्यासाची घेतली, तर फेरे निम्मे, म्हणजे ७५० होतात. पहिल्या गिअरमध्ये ते तिपटीने व डिफरन्शियलमध्ये पाचपटीने घटतात असे धरू. म्हणजे चाकाचे मिनिटास ५० फेरे झाले. ७० सेंटिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर पुढे जाते. म्हणून गाडी मिनिटास ११० मीटर, म्हणजेच ताशी सुमारे साडेसहा किलोमीटर चालेल. वरच्या थेट गिअरमध्ये हाच वेग तिप्पट, म्हणजे ताशी सुमारे २० किलोमीटर होईल. शेतगाडीस याहून अधिक वेगाची मुळीच गरज नाही.

आता दोन्ही पुल्या सारख्या व्यासाच्या बसविल्या असे समजा. तीच गाडी ताशी ४० किलोमीटर धावेल. पुली बदलण्यास एक तास पुरतो व खर्चही थोडा लागतो. अपघाताचे बीज नेमके येथेच पेरले जाते. इंजिनाचा वेग बांधून ठेवणारा गव्हर्नर असतो. त्याची स्प्रिंग ताणून वेग वाढविण्याचा मोहही कटाक्षाने टाळावा. जास्त वेगाने फिरविल्यास इंजिनाचे फिरते चाक फुटण्याचा संभव असतो.

ओझ्याचा हिशेब

कच्च्या रस्त्यावर गाडी ओढण्यास तिच्या एकूण वजनाच्या सुमारे वीसाव्या हिश्शाइतका जोर लागतो असे धरू. दहा मीटर चालीस एक मीटर चढ असल्यास आणखी दहाव्या हिश्शाचा जोर लागतो. एकूण १००० किलो वजनाच्या गाडीस अशा चढावर ५० अधिक १००, म्हणजे १५० किलोचा जोर हवा. पहिल्या गिअरमध्ये गाडी सेकंदास सुमारे १.८३ मीटर चालते. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदास ७५ किलोग्रॅम-मीटर काम. त्यामुळे या चढास सुमारे ३.७ अश्वशक्ती लागते. पट्टा व गिअर यांत चौथा हिस्सा शक्ती वाया जाते असे धरल्यास पाच अश्वशक्तीच्या इंजिनाकडून चाकास ३.७५ अश्वशक्ती मिळते. म्हणजे अशा गाडीचे एकूण वजन १००० किलोवर जाता कामा नये.

या १००० किलोंत इंजिन, चौकट, आस, चाके व चालक सर्व आले. समजा इंजिन १५० किलो, गाडीचा सांगाडा ३०० किलो आणि चालक ७० किलो. तर मालासाठी ४८० किलो उरतात. मिनिटास ६५० फेरे घेणारी, मोठ्या चाकांची जुनी मंदगती इंजिने एकटीच ३०० किलोंहून जड भरतात. ती या कामास घेऊ नयेत.

थांबविण्याचा हिशेब

वेग दुप्पट झाला, की थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट न होता चौपट होते. जमीन कोरडी व ब्रेक उत्तम असता ताशी २० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ५ मीटरमध्ये थांबविता येते. ताशी ४० किलोमीटर असता त्याच ब्रेकांनी २० मीटरहून अधिक लागतात. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर एकूण अंतर अनुक्रमे ११ व ३२ मीटर भरते. पाणंदीच्या वळणावर अचानक गुरे किंवा मुले आडवी आली, तर ११ मीटर मिळू शकतात, ३२ मिळत नाहीत.

उताराचे संकट याहून मोठे. वर सांगितलेल्याच उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर ५० मीटर उतरेपर्यंत ती ताशी सुमारे २५ किलोमीटर वेग घेते. गिअरमध्ये असता इंजिन गाडीस मागे धरते; तथापि हा आधार पट्ट्यावर अवलंबून आहे. पट्टा तुटला वा घसरला, की आधार गेला. म्हणून ब्रेक इंजिनावर अथवा गिअर बॉक्सच्या दांड्यावर असून भागत नाही. तो पट्ट्याच्या पलीकडे, प्रत्यक्ष चाकांवर, आणि दोन्ही बाजूंस सारखा असला पाहिजे. एकाच चाकास ब्रेक असल्यास गाडी त्या बाजूस फिरते व उलटते. पायाच्या ब्रेकाशिवाय स्वतंत्र हातब्रेकही हवा. लाकडाची ओंडी चाकाखाली टाकण्यासाठी माणूस मागे बसविणे म्हणजे ब्रेक नव्हे.

उलटणे व अडकणे

इंजिन शक्य तितके खाली व दोन आसांच्या दरम्यान बसवावे. तीन चाकांची गाडी वळणावर लवकर कलते, म्हणून ओझ्यासाठी चार चाकेच बरी. कडबा उंच रचू नये.

पट्टा व फिरते चाक उघडे ठेवू नये. धोतराचा सोगा, उपरणे, लुगड्याचा पदर किंवा ओढणी पट्ट्यात सापडली, तर ती सोडविण्यास सवड मिळत नाही. पत्र्याचे किंवा जाळीचे आवरण सर्व बाजूंनी बसवावे. हॅण्डल मारण्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि हातब्रेक ओढलेला आहे, याची खात्री करावी. अन्यथा इंजिन सुरू होताच गाडी हॅण्डल मारणाऱ्याच्या अंगावर येते. हॅण्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे झटका बसल्यास हात सुटतो. इंजिन बंद करण्याची कळ चालकाच्या हाताशी असावी.

रस्ता आणि कायदा

अशी गाडी स्वतःच्या शिवारात वापरण्यासाठीच योग्य होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन नोंदणीशिवाय चालविता येत नाही. जुगाड हेही मोटार वाहनच असून त्यास या अधिनियमाच्या अटी लागू आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले. नोंदणी नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून अपघात झाल्यास भरपाईचा भार मालकावर येतो. पाच हजारांच्या इंजिनापायी पाच एकरांची जमीन विकण्याची पाळी येऊ शकते. लग्नकार्यास, बाजारास किंवा शाळेस माणसे नेण्यासाठी ही गाडी कदापि वापरू नये.

कार्यकर्त्यांनी करावयाची तपासणी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या पाहण्यात अशी गाडी आल्यास मालकास हिणवू नये. त्याने आपली अडचण स्वतःच्या बुद्धीने सोडविली आहे, ही कौतुकाचीच बाब आहे. मात्र पुढील गोष्टी त्याच्यासमक्ष तपासून पाहाव्यात :

(१) सपाट, कोरड्या जागी चुन्याची रेघ आखावी. भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये रेघेपर्यंत आणून तेथे ब्रेक लावावा. ती ६ मीटरच्या आत, सरळ रेषेत थांबली पाहिजे. या वेळी गाडीच्या मार्गात व आजूबाजूस कोणासही उभे राहू देऊ नये.

(२) गाडी चढावर उभी करण्यापूर्वी चाकांमागे मोठे दगड थोडे अंतर सोडून ठेवावेत. नंतर केवळ हातब्रेकावर भरलेली गाडी स्थिर राहते का, ते पाहावे.

(३) वरच्या गिअरमध्ये मिनिटाला किती मीटर अंतर काटते, ते मोजावे. ३३० मीटरहून अधिक भरल्यास इंजिनावर लहान पुली बसविण्यास सांगावे.

(४) पट्ट्याचे आवरण, इंजिन बंद करण्याची कळ व सुकाणूचे सांधे हातांनी चाचपून पाहावेत. ही पाहणी इंजिन बंद असतानाच करावी.

(५) मालकाशिवाय घरातील आणखी कोण गाडी चालवितो, हे विचारावे. मुलांच्या हाती ती देऊ नये, असे स्पष्ट सांगावे.

या पाचांपैकी पहिल्या दोन कसोट्यांस गाडी उतरत नसेल, तर ब्रेक दुरुस्त होईपर्यंत तिच्यावर माल भरू नये. जुन्या जीपचे ब्रेक ड्रम व लायनिंग आसासोबतच मिळतात. तोच आस गाडीस असेल, तर ब्रेकांसाठी वेगळी सामग्री क्वचितच लागते. ते नीट जोडून घेण्याचे तेवढे राहिलेले असते. खर्च करावयाचाच असेल, तर तो इंजिनाच्या रंगरंगोटीवर न करता प्रथम ब्रेकांवर करावा. बैलाला ‘हो’ म्हटले की तो थांबतो; इंजिनाला कान नाहीत, म्हणून थांबविण्याची सोय माणसानेच आधी करून ठेवावी लागते.