इंटर्नशिपला चंद्रपुरात येताय? मग राजधानी पायी बघा

घुग्घुसच्या पोरापोरींनो, उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी चंद्रपूरला खोली करून राहणार असाल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: तुम्ही गोंड राजांच्या राजधानीत राहताय. शिरपूर, मग बल्लारपूर आणि नंतर चंद्रपूर, अशी ही राजधानी सरकत आली.

परकोटाची सुरुवात खांडक्या बल्लाळशहाने केली, पुरा झाला तो पुढच्या राजांच्या काळात. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. खिडकी म्हणजे इथे लहान दरवाजा. दरवाजांवरचं हत्तीला खाली दाबणाऱ्या सिंहाचं शिल्प नीट बघा, ते गोंड राज्याचं चिन्ह. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट. भिंतीला नद्यांचीही साथ होती.

मला सगळ्यात भावते ती अंचलेश्वर मंदिराजवळची गोंड राजा बीरशहाची समाधी. राणी हिराईने ती पतीसाठी बांधली आणि मुलगा लहान असल्याने राज्यही तिनेच सांभाळलं. महाकालीचं आजचं मंदिरही तिचंच काम. एवढ्या कर्तबगार राणीचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळक हवं, असं मला मनापासून वाटतं. 1818 मध्ये इंग्रजांनी शहर घेतलं. 2017 पासून ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी परकोटावरची झुडपं आणि कचरा हटवला, म्हणून आज भिंत दिसते तरी.

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. पहाटे निघा, डोक्याला दुपट्टा बांधा आणि नऊच्या आत परता. चैत्रात आलात तर महाकालीची यात्रा चुकवू नका.