धरण किती भरावं? 'थोडं', 'बरंच' आणि 'फार' या शब्दांचं गणित

खानवेल : पावसाने जोर धरला की दमणगंगेच्या काठी एकच प्रश्न मराठी, गुजराती, वारली, हिंदी अशा सगळ्या बोलींत ऐकू येतो. मधुबनचे दरवाजे उघडले का? सिल्वासा, वापी, दमणचा माणूस हे विचारतो ते पुराच्या भीतीने. कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी पीक घेणाऱ्याची काळजी उलटी असते. आताच पाणी सोडून दिलं तर एप्रिल-मेमध्ये काय करायचं? आणि दुधनीच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्यालगत राहणाऱ्यांचं लक्ष असतं ते पाणी कुठवर चढलं याकडे.

नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावणारी दमणगंगा महाराष्ट्र, गुजरात, दादरा नगर हवेली आणि दमण असा प्रवास करून अरबी समुद्राला मिळते. पेठ, मोखाडा, जव्हारच्या डोंगरात पडलेला पाऊस तिच्यात आणि तिच्या उपनद्यांत उतरतो. मधुबन धरण आहे गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात. त्याच्या पाण्यावर हक्क गुजरात, दादरा नगर हवेली आणि दमण अशा तिघांचा. म्हणजे पाऊस एकाच्या हद्दीत, भिंत दुसऱ्याच्या आणि पुराची भीती तिसऱ्याच्या.

अशा वेळी ऑगस्टच्या मध्याला धरण किती भरलेलं ठेवावं? विचारलं तर प्रत्येक जण शब्दांत उत्तर देतो. 'बऱ्यापैकी भरू द्या.' 'फार भरू नका.' 'थोडी जागा ठेवा.' या शब्दांना आकड्यांत बसवून त्यातून निर्णय काढण्याचं एक गणित आहे. त्याला फझी संच म्हणतात. मराठीत धूसर संच म्हणता येईल.

रेघ आणि उतार

सरकारी कामकाज रेघेवर चालतं. हवामान विभागाच्या मोजणीत 24 तासांत 115.5 मिलीमीटर पाऊस झाला तर तो 'जोरदार', आणि 115.6 झाला की 'अतिजोरदार'. फरक एका दशांश मिलीमीटरचा, पण नाव बदललं. वापीला दमणगंगेची इशारा पातळी 18.20 मीटर आणि धोक्याची पातळी 19.20 मीटर आहे. पाणी 19.19 वर असेल तर कागदावर धोका नाही, 19.20 झालं की धोका. नदीकाठच्या घरात बसलेल्याला एका सेंटीमीटरने काही फरक पडत नाही. 3 ऑगस्ट 2004 रोजी वापीला पाणी 23.76 मीटरपर्यंत चढलं होतं, धोक्याच्या रेघेच्या साडेचार मीटर वर. तोही 'धोका'च आणि 19.20 हाही 'धोका'च. शब्द एक, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर.

ही अडचण लोत्फी झादे यांनी गणितात मांडली. बाकूमध्ये जन्मलेले झादे अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमध्ये प्राध्यापक होते. 1965 मध्ये त्यांचा 'फझी सेट्स' हा लेख प्रसिद्ध झाला. शाळेत शिकवलेल्या संचात एखादी गोष्ट एक तर आत असते, नाही तर बाहेर. झादेंनी म्हटलं की ती 'किती आत' आहे हे 0 ते 1 मधल्या आकड्याने सांगता येईल. 0 म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे पूर्ण. 18.20 मीटरला धोका 0 धरला, 20.20 ला 1 धरला, तर 19.20 ला तो 0.5 होतो. रेघेच्या जागी उतार आला.

हा आकडा म्हणजे शक्यता नव्हे. 'उद्या अतिजोरदार पाऊस पडण्याची शक्यता 70 टक्के' हे वाक्य उद्या काय होईल याबद्दल आहे. 'आजच्या पावसाला अतिजोरदार म्हणणं 0.7 इतकं बरोबर' या वाक्यात पाऊस पडून गेला आहे, मोजलाही आहे. शंका आहे ती शब्दाच्या हद्दीबद्दल.

वॉशिंग मशीनवर किंवा भाताच्या कुकरवर 'फझी लॉजिक' लिहिलेलं अनेकांनी पाहिलं असेल. ते इथूनच आलं. जपानमधल्या सेंदाई शहरातली भुयारी रेल्वे 1987 पासून अशाच नियमांवर ब्रेक लावत धावू लागली. पण मशीनला एकच मालक असतो. धरणाचे मालक अनेक, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. म्हणून दुसरं गणित जोडावं लागतं.

सगळ्यांत चांगला पर्याय कोणासाठी?

ते दुसरं गणित म्हणजे इष्टतमीकरण. हाताशी असलेल्या मर्यादेत सगळ्यांत चांगला पर्याय शोधायचा. कॉमर्स शिकलेल्यांना त्यातलं 'लिनियर प्रोग्रामिंग' आठवत असेल. अमुक तास मजुरी, अमुक किलो कच्चा माल, दोन वस्तू बनवायच्या, तर जास्तीत जास्त नफा कशात? 1947 मध्ये जॉर्ज डँटझिग यांनी असे प्रश्न सोडवण्याची सिम्प्लेक्स पद्धत दिली.

पण तिथे उद्दिष्ट एकच असतं, नफा. धरणात उद्दिष्टं अनेक आणि एकमेकांच्या विरुद्ध. 1970 मध्ये रिचर्ड बेलमन आणि झादे यांनी एक वाट दाखवली. प्रत्येक उद्दिष्टासाठी 0 ते 1 असा समाधानाचा आकडा काढायचा आणि ज्या पर्यायात सगळ्यांत कमी समाधानी पक्षाचा आकडा जास्तीत जास्त होतो, तो पर्याय निवडायचा. 1978 मध्ये जर्मनीचे हान्स-युर्गेन झिमरमान यांनी हे लिनियर प्रोग्रामिंगमध्ये बसवून दाखवलं. त्यामुळे ते साध्या संगणकावर सोडवता येऊ लागलं.

आकडे मांडून पाहू

मधुबनसारख्या धरणाचं एक उदाहरण घेऊ. यातले आकडे फक्त समजण्यासाठी मानलेले आहेत.

समजा, ऑगस्टच्या मध्याला धरण 60 टक्के किंवा कमी भरलेलं असेल तर शेतकऱ्याचं समाधान 0. 90 टक्के भरलं तर 1. मधे ते सारखं वाढत जातं. खालच्या गावांचं उलट. 65 टक्क्यांपर्यंत त्यांचं समाधान 1, कारण पूर आला तर तो सामावायला जागा आहे. 95 टक्क्यांना 0.

70 टक्के भरलं तर शेतकरी 0.33, खालची गावं 0.83. 85 टक्के भरलं तर बरोबर उलट. 77.5 टक्क्यांवर दोन्ही आकडे सारखे होतात, 0.58. इथून कुठेही सरकलं तरी एकाचं समाधान 0.58 च्या खाली जातं. म्हणून या पद्धतीचं उत्तर 77.5 टक्के.

आता हाच प्रश्न नेहमीच्या बेरजेने सोडवू. दोघांच्या समाधानाची बेरीज जिथे जास्त, ते उत्तर. 65 टक्क्यांना बेरीज येते 1.17. 77.5 ला 1.17. 90 लाही 1.17. बेरजेला तिन्ही सारखेच दिसतात! 65 ला शेतकरी जवळजवळ उपाशी आहे, 90 ला खालची गावं जीव मुठीत धरून आहेत, हे बेरजेत दिसतच नाही. ज्याला कमी मिळालं त्याच्याकडे पाहायचं, तर ते मुद्दाम गणितात लिहावं लागतं.

जायकवाडीचा अभ्यास

धरणाच्या पाण्यावर हे गणित महाराष्ट्रात करून पाहिलेलं आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) इथले डी. जी. रेगुलवार यांनी गोदावरी खोऱ्यातल्या धरणांवर असा अभ्यास केला. पी. आनंद राज यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध 2008 मध्ये आला. त्यात अनेक धरणं एकत्र धरून पाणी कधी किती सोडावं याचा विचार होता. पुढे ज्योतिबा गुरव यांच्यासोबत त्यांनी जायकवाडीच्या पहिल्या टप्प्यातल्या पीक नियोजनाचा प्रश्न घेतला. तिथे उद्दिष्टं चार होती. निव्वळ फायदा, पिकाचं उत्पादन, मजुरांना मिळणारं काम आणि शेणखताचा वापर.

हे चार एका वेळी साधत नाहीत. ज्या पिकात पैसा जास्त, त्यात मजुरीचे दिवस जास्त असतीलच असं नाही. फक्त फायदा धरला तर एक पीक-रचना येते, फक्त रोजगार धरला तर दुसरी. फझी पद्धत दोन्हींच्या मधली, चौघांनाही काही प्रमाणात मानवणारी रचना शोधते. कोणाला किती मुरड घालावी लागली हेही आकड्यात सांगते.

उतार कोण काढणार?

इथेच खरी मेख आहे. वरच्या उदाहरणात एकच गोष्ट बदलू. खालच्या गावांनी सांगितलं की 2004 चा पूर आम्ही विसरलेलो नाही, आम्हाला 55 टक्क्यांपर्यंतच पूर्ण निर्धास्त वाटतं आणि 85 ला तर झोपच लागत नाही. मग उत्तर 77.5 वरून 72.5 टक्क्यांवर येतं आणि दोघांचंही समाधान 0.42 पर्यंत घसरतं. पाऊस तोच, धरण तेच, गणितही तेच. बदलला तो फक्त एका पक्षाने सांगितलेला उतार.

म्हणजे 0 कुठे आणि 1 कुठे, हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात अर्धा निर्णय. तो आकडा कार्यालयात बसून कोणी भरला तर गणित कितीही नेटकं असलं तरी निर्णय त्या कार्यालयाचाच. उलट एखाद्या गटाने आपला आकडा फुगवून सांगितला, तर ही पद्धत त्याच्याकडे झुकते. कारण तिचं लक्ष नेहमी सगळ्यांत नाराज माणसाकडे असतं. दुधनीकडच्या फुगवट्यालगतच्या पाड्यांचा उतार कोणी मांडलाच नाही, तर गणितापुरते ते पाडे अस्तित्वातच नाहीत.

आणि सगळंच धूसर करायचं नसतं. मधुबनची पूर्ण संचय पातळी 79.86 मीटर आहे. धरणाच्या सुरक्षिततेची अशी रेघ ही रेघच राहते. 'थोडं वर चालेल' असा उतार तिथे काढायचा नाही. फझी पद्धतीतही अशा पक्क्या अटी वेगळ्या लिहितात आणि तडजोड फक्त त्यांच्या आतल्या जागेत होते.

धरणांना तारखेनुसार किती पाणी ठेवायचं याचं वेळापत्रक असतंच. गुजरातमध्ये त्याला 'रूल लेव्हल' म्हणतात, महाराष्ट्रात 'जलाशय परिचलन सूची'. मधुबनचे दरवाजे फझी गणिताने उघडावेत असा आग्रह कोणी धरण्याची गरज नाही. पण त्या वेळापत्रकातल्या प्रत्येक आकड्यामागे कोणाची तरी सोय आणि कोणाची तरी गैरसोय असतेच, ती लिहिलेली असो वा नसो. म्हणून पावसाळ्याआधीच्या बैठकीत, मग ती सिल्वाशात असो, वापीत असो की खानवेलला, तीन गोष्टी विचारता येतात. या तारखेला एवढंच पाणी का? त्यात कोणाकोणाची गरज धरली आहे? आणि सगळ्यांत कमी ज्याच्या वाट्याला आलं, त्याला किती आलं?

विसर्ग सुरू झाल्यावर हे विचारून उपयोग नसतो. विचारायची वेळ मे महिन्यातली, नदी कोरडी असते तेव्हाची.